सारथी नसलेले विमान

शीळफाट्यावर राहणाऱ्या माणसाने विमानाविषयी लिहावे, हे ऐकूनच पुष्कळांना हसू येईल. आमचा फाटा म्हणजे चाकांचा मुलूख. कल्याणहून येणारा रस्ता, मुंब्र्याकडून पनवेलकडे जाणारा जुना पुणे रस्ता आणि महाप्याकडे वळणारा रस्ता असे सारे येथे एकमेकांच्या गळ्यात पडतात. आणि मग कंटेनरवाले, रिक्षावाले व शाळेच्या बसगाड्या एकमेकांची तोंडे पाहत तासन्तास उभ्या राहतात. परंतु रात्री अकरानंतर, धूळ जरा खाली बसली म्हणजे, आमच्या गच्चीवरून डोंगरापलीकडे मुंबईत उतरणाऱ्या विमानांचे दिवे एकामागून एक दिसू लागतात. आता तर पनवेलच्या अंगाला नवी मुंबईचा विमानतळ झाला. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचे उद्घाटनही झाले. आणि आमच्या पंचक्रोशीचा विमानाशी संबंध काही आजचा नव्हे. काटई नाक्यावरून बदलापूरचा रस्ता धरला की नेवाळी लागते. तेथे दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली होती, आणि त्याच जमिनींसाठी २०१७ च्या जून महिन्यात तेथले शेतकरी रस्त्यावर उतरले होते. सारांश, विमान आम्हाला डोक्यावरूनही ठाऊक आहे आणि पायाखालूनही. ठाऊक नाही तो फक्त विमान चालवणारा माणूस.

हे मी दुसऱ्या कुणाला उद्देशून म्हणत नाही. हा दोष प्रथम माझ्याच पदरात आहे, आणि या लेखात टीका करायची ती प्रथम माझ्याच कादंबरीवर करणार आहे. टीकाकाराने स्वतःपासून सुरुवात केली म्हणजे पुढे त्याला थोडे मोकळेपणाने बोलता येते, असा माझा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली. तिचा नायक परदेशातील एका विमान कंपनीत करारावर नोकरी करणारा वैमानिक. पुस्तक बरे चालले. वाचनालयांतून फिरले, दोन-चार पत्रेही आली. नायक ढगांवरच्या चांदण्यात एकटाच आईची आठवण काढतो, हे प्रकरण तर एका भगिनीला इतके आवडले की, ते वाचून आपण रडलो असे तिने कळवले. मी खूष होतो. लेखकाला वाचक रडला म्हणजे जो आनंद होतो तो फारसा चांगला नसतो, हे मला तेव्हा समजले नव्हते.

माझा एक शाळूसोबती आहे. आम्ही दोघे एका बाकावर बसून मॅट्रिक झालो. त्या परीक्षेचे नाव तेव्हाही निराळेच होते. पण आमचे वडील तिला मॅट्रिकच म्हणत, म्हणून मीही म्हणतो. मी तेथेच थांबलो, तो पुढे गेला. त्याच्या वडिलांनी भाताची दोन खाचरे विकली, वर कर्ज काढले आणि पोराला विमान शिकायला पाठवले. तो वैमानिक झाला, पुढे कप्तान झाला, आणि २०१६ साली करारावर चीनमध्ये गेला. सहा आठवडे काम आणि तीन आठवडे घर असा त्याचा हिशेब असे. एका सुट्टीत त्याने माझी कादंबरी विकत घेऊन नेली आणि पुढच्या सुट्टीत परत आणून दिली. "गुरुजी, तपासून आणलीय," एवढेच म्हणाला.

वाचकहो, जन्मभर मी दुसऱ्यांच्या वह्या तपासत आलो. माझी वही तपासली गेली ती त्या दिवशी. पानोपानी शिसपेन्सिलीच्या खुणा होत्या. नायक विमान आकाशात चढवताना आईची आठवण काढतो, तेथे समासात लिहिले होते: "दहा हजार फुटांखाली कामाखेरीज बोलायचे नसते. आठवणीसुद्धा वरच." नायक कक्षात एकटा आहे, तेथे होते: "दुसरा कुठे गेला?" कारण प्रवासी विमान दोघे मिळून चालवतात, आणि एकाने केलेले दुसऱ्याने पाहायचे, हाच त्या कामाचा गाभा. वादळ समोर उभे राहते आणि माझा नायक दात-ओठ खाऊन त्यात घुसतो, त्या प्रकरणावर आडवी रेघ मारून त्याने लिहिले होते: "याला दुसऱ्या दिवशी कामावरून काढतील. आम्ही वळसा घालतो. वळशापुरते आणि शेजारच्या विमानतळापर्यंत जाण्यापुरते तेल आधीच मोजून घेतलेले असते." शेवटच्या प्रकरणात नायक रागाच्या भरात राजीनामा फेकतो व तिसऱ्या दिवशी गावच्या जत्रेत हजर होतो. तेथे एकच शब्द होता: "नोटीस?" आणि नायकाच्या आलिशान घराचे वर्णन होते तेथेही एकच शब्द: "हप्ता?"

मी प्रथम रागावलो. हा काही विमानाचा पाठ नाही, ही कादंबरी आहे, असे मनाशी म्हणालो. कलावंताला तपशिलाचे बंधन कशाला, हा आपल्याकडचा जुना आसरा. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांचा वाद आपण शाळेपासून ऐकत आलो. पण माझ्या कादंबरीपाशी हा वाद लागूच पडत नव्हता. तिच्यात जीवन नव्हते, ते नव्हतेच. पण जीवन नसल्यामुळे कलाही नव्हती. दोघे जण मिळून करायचे काम मी एकट्याच्या माथी मारले, त्याच क्षणी माझ्या हातून त्या दोघांमधले सारे नाट्य निसटले होते. दोन देशांची दोन माणसे, एकमेकांची भाषा न जाणणारी, ठरावीक इंग्रजी शब्दांच्या आधाराने शे-दीडशे माणसे खाली उतरवतात. एक वाचतो, दुसरा करतो. मग दुसरा वाचतो, पहिला पाहतो. यात जे आहे ते चांदण्यात नाही.

हे प्रकरण एवढ्यावर संपले असते तर मी हा लेख लिहिला नसता. वाईट कादंबऱ्या पुष्कळ निघतात आणि कुणाचे काही बिघडत नाही, असे आपण समजतो. मीही समजत होतो.

२०२० च्या जानेवारीत माझा सोबती सुट्टीवर घरी आला आणि साथीमुळे येथेच अडकला. पुढे कंपनीचे पत्र आले: बिनपगारी रजा. पुढे आणखी एक पत्र आले: करार संपला. परदेशी वैमानिकाचा करार दलालाच्या कचेरीमार्फत झालेला असतो. दाद मागायची ती कुणाकडे, हेच कळत नाही. आठ महिने तो घरी होता. घरचे, गाडीचे, मुलीच्या शाळेचे हप्ते चालूच होते. आणि त्याच काळात गावातली मंडळे त्याच्या दारी वर्गणीला येत राहिली. कुणी लग्नाला मागितले, कुणी आजारपणाला. नाही म्हटले की लोक हसत. "काय कप्तान, आम्हाला काय ठाऊक नाही होय? पुस्तकात आलंय सगळं!" त्या हसण्यातले पुस्तक माझे होते.

त्याच्या आईने नातीकडून माझी कादंबरी वाचून घेतली होती. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा म्हातारीने मला जवळ बसवून घेतले आणि विचारले, "तुझ्या पुस्तकातला पायलट घरी बसत नाही रं कधी?" तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. पुस्तकात जे छापले आहे ते खरे असणार, मग आपल्या मुलाचेच काही चुकले असेल काय, अशी तिला खरोखरीच शंका आली होती. खोटे साहित्य निरुपद्रवी असते हा माझा समज त्या ओटीवर संपला.

तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो. माझे इंग्रजी मॅट्रिकचे. शेजारी शब्दकोश ठेवल्याशिवाय पान उलटत नाही. तरीही वाचले. आणि प्रथम मनात प्रश्न आला तो असा, की आपल्या मराठी वाङ्मयात हा माणूस का नाही?

विमान आपल्याला नवे नाही. पुष्पक विमान रामकथेत आहे. तुकोबा वैकुंठाला विमानातून गेले अशी श्रद्धा घरोघरी आहे. आणि १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम' चित्रपटात आपल्या आजोबा-पणजोबांनी ते विमान पडद्यावर पाहून हात जोडले. परंतु या विमानांत एक गोष्ट सारखी आहे. ती कुणी चालवत नाही. पुष्पक मालकाच्या इच्छेने चालते, वैकुंठाचे विमान देवाच्या इच्छेने. रथाला आपण सारथी दिला, आणि किती मोठा दिला! प्रत्यक्ष श्रीकृष्णाला घोडे धुवायला लावले. विमानाला मात्र सारथी देण्याचे आपल्या कल्पनेला सुचले नाही. जे आपोआप चालते त्यात कुणाचा घाम असतो हे मनात येत नाही, आणि जेथे घाम नाही तेथे कथा नाही.

आधुनिक काळातही आपला लेखक विमानात किंवा बोटीत बसला तो उतारू म्हणूनच. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) ही मराठीतली थोर कादंबरी. युरोपातून परतणाऱ्या बोटीवर तिचा सारा जीव आहे. पण तो डेकवरच्या उतारूंचा जीव आहे. हा त्या कादंबरीचा दोष मी मानत नाही, ती तिची मर्यादाही नव्हे. तिला जे सांगायचे होते ते उतारूंपाशीच होते. परंतु त्यानंतर इतकी प्रवासवर्णने झाली, आणि त्यांपैकी बहुतेकांत आपण खिडकीजवळच्या जागेवर बसून ढगांचे वर्णन करत राहिलो. पुढच्या दारामागे कोण बसले आहे, त्याचा पगार कुठल्या देशाच्या नाण्यात होतो, तो करार संपल्यावर काय करणार, हे विचारले नाही. कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या खलाशी जगभर गेले; मुंब्र्यातल्या कितीतरी कोकणी घरांतली माणसे आखातात राबली; त्यांच्या कामाची बोली आपल्या कादंबरीत किती आली?

येथे कुणी म्हणेल, धंद्याची भाषा ही साहित्याला जड होते. हे म्हणणे निदान मराठी माणसाने तरी करू नये. आपले साहित्य उभेच राहिले ते धंद्याच्या भाषेवर. सावता माळ्याने मळ्यात विठ्ठल पाहिला, गोरा कुंभाराने मडक्यात पाहिला, सेना न्हाव्याने वस्तऱ्या-आरशाच्या बोलीत परमार्थ सांगितला. त्यांना कुणी असे म्हटले नाही की, आधी खुरपे खाली ठेवा आणि मग अभंग करा. आणि अलीकडचे उदाहरण हवे तर उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) घ्या. शिंप्याच्या घरातली कौतिक कष्ट करते म्हणजे काय करते, हे त्या कादंबरीत हाताला लागते. म्हणून तिचे दुःखही हाताला लागते. माझ्या वैमानिकाचे दुःख ढगात राहिले, कारण त्याचे काम ढगात राहिले होते.

आता परक्यांकडे पाहू. या विषयावरचा सर्वांत गाजलेला लेखक म्हणजे फ्रेंच वैमानिक आंत्वान द सँतेक्झ्युपेरी. लहान मुलांना त्याचा छोटा राजकुमार ठाऊक असतो. ते पुस्तक १९४३ चे. पण तो धंद्याने टपालाची विमाने चालवणारा. १९२९ साली तो अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेस येथे गेला, आणि तेथल्या टपाल-विमान कंपनीचा कारभारी झाला. परक्या देशात, कंपनीच्या नोकरीत, असा हा माणूस. तेथल्या अनुभवावर त्याने 'रात्रीचे उड्डाण' ही कादंबरी १९३१ साली लिहिली. पातागोनिया, चिली आणि पाराग्वे येथून तीन विमाने टपाल घेऊन राजधानीकडे येत आहेत. दोन पोचतात. पातागोनियाहून येणारा फाबियाँ वादळात सापडतो, आणि पोचत नाही. खाली कचेरीत रिव्हिएर नावाचा वरिष्ठ तारा वाचत उभा आहे. फाबियाँची बायको चौकशीला येते. आणि शेवटी युरोपचे विमान ठरल्याप्रमाणे सुटते.

या कादंबरीची जगभर वाखाणणी झाली ती तिच्यातल्या काव्यासाठी. काव्य आहेच. पण मला असे वाटते की, ते काव्य ज्या खुंटीवर टांगले आहे ती खुंटी समीक्षकांनी पाहिली नाही. ती खुंटी म्हणजे हिशेब. कुठल्या ठाण्यावरून हवामानाची तार आली, कुठल्या ठाण्याची आली नाही, तेल किती उरले. फाबियाँ ढगांच्या फटीतून ताऱ्यांकडे चढतो तेव्हा आपला श्वास अडतो तो ताऱ्यांमुळे नव्हे; वर गेला की खाली येण्यापुरते तेल उरणार नाही, हे आपल्याला आधी सांगितलेले आहे म्हणून. माझ्याही नायकाने तारे पाहिले होते. माझ्या ताऱ्यांना तेलाचा आधार नव्हता.

तथापि या थोर पुस्तकावर माझा एक आक्षेप आहे, आणि तो मी शीळफाट्यावरून घेतो. ही कादंबरी वरिष्ठाच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. विमान उशिरा सुटले तर, दोष हवेचा असला तरी, रिव्हिएर वैमानिकाचा भत्ता कापतो. रोब्ले नावाचा म्हातारा कारागीर, अर्जेंटिनातले पहिले विमान जोडल्याचा ज्याला अभिमान आहे, तो एका चुकीसाठी कामावरून जातो. लेखक हे लपवत नाही. उलट या कठोरपणात त्याला एक प्रकारचे भव्यत्व दिसते. रिव्हिएर माणसांवर प्रेम करतो, पण त्यांना ते कळू देत नाही, असे तो आपल्याला पटवतो. मला ते पटले नाही. लेखक स्वतः कारभारी होता, हे त्याचे कारण असेल. आमच्या फाट्यावर भत्ता कापणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मनातले प्रेम आम्हालाही कधी कळलेले नाही. ती कादंबरी रोब्लेने लिहिली असती तर? हा प्रश्न मला पुस्तक मिटल्यावर पडला आणि अजून सुटलेला नाही.

पण त्याच लेखकाच्या १९३९ च्या आठवणींच्या पुस्तकात एक प्रसंग आहे, त्यासाठी मी त्याला शंभर गुन्हे माफ करीन. गियोमे हा त्याचा मित्र १९३० च्या जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, अँडीज पर्वतात विमानासह पडला. बर्फातून तो पाच दिवस चालला. एका क्षणी तो पडला आणि आता उठायचे नाही असे त्याने ठरवले. तेव्हा त्याला काय आठवले? देव नव्हे, देश नव्हे. त्याला आठवला बायकोच्या नावाचा विमा. प्रेत सापडले नाही तर कायद्याने मृत्यू मानायला काही वर्षे जावी लागतात, तोवर तिला पैसे मिळणार नाहीत. समोर एक खडक दिसत होता. निदान तेथवर गेले तर बर्फ वितळल्यावर प्रेत सापडेल. म्हणून तो उठला, आणि उठला म्हणून चालला, आणि चालला म्हणून वाचला. विम्याच्या एका कलमातून एवढे मोठे काव्य निघालेले मी दुसरीकडे वाचलेले नाही. माझ्या मित्राने समासात "हप्ता?" असे लिहिले होते, त्याचा अर्थ मला हा प्रसंग वाचताना कळला.

दुसरे पुस्तक इंग्रजीतले, नेव्हिल शूट याचे 'राउंड द बेंड' (१९५१). शूट हा मुळात विमाने घडवणारा इंजिनिअर. त्याच्या गद्यात अलंकार औषधालाही सापडत नाही, म्हणून पंडित त्याला फारसे मानत नाहीत. कथा आहे बहारीनमध्ये मालवाहू विमानांचा लहानसा धंदा काढणाऱ्या एका इंग्रजाची. तो आशियाई माणसे कामावर ठेवतो. त्याचा एक वैमानिक शीख आहे, गुजर सिंग नावाचा. आणि ही माणसे का ठेवली, तर गोऱ्यांपेक्षा कमी पगारात ती चांगले काम करतात म्हणून. लेखक हे आडपडदा न ठेवता नायकाच्याच तोंडून सांगतो. आखातात करारावर विमान चालवणारा आपला माणूस मराठी कादंबरीत मला कुठे भेटला नाही. इंग्रजाने तो १९५१ साली, पगाराच्या आकड्यासकट, पाहून ठेवला होता. त्या कादंबरीतला कॉनी शॅक्लिन हा विमानदुरुस्तीचा कारागीर साथीदारांना शिकवतो की, खिळा नीट बसवणे हीच प्रार्थना. हे वाचताना मला परके काहीच वाटले नाही. सावता माळी एवढेच सांगत होता. पुस्तकाचा उत्तरार्ध त्या कारागिराला अवतार बनवण्याच्या नादात थोडा सैल पडतो, हे मान्य केले पाहिजे. पण कामाविषयीचा त्यातला आदर खरा आहे.

आता एका शब्दाकडे वळतो. माझ्या कादंबरीत मी नायकाला 'करारबद्ध वैमानिक' म्हटले होते. 'कंत्राटी' म्हणायला मन धजले नाही. कंत्राटी हा शब्द आमच्याकडे झाडूवाल्याला, नाक्यावरच्या मजुराला लावतात. मलाही लावतात, मी एका विनाअनुदानित शाळेत अकरा महिन्यांच्या कराराने शिकवतो, आणि दर जूनमध्ये नवी सही करतो. असे असता मित्राचा करार मला निराळ्या जातीचा का वाटला? त्याचा पगार माझ्या किती तरी पट, हे खरे. पण बाकीचे पाहा. परवाना एका देशाचा. दुसऱ्या देशात तो पुन्हा मान्य करून घ्यावा लागतो. दर सहा महिन्यांनी नकली विमानात बसून परीक्षा. ठरल्या मुदतीने वैद्यकीय तपासणी. रक्तदाब वाढला की कागद खाली. पासष्टाव्या वर्षी प्रवासी विमान सोडायचेच. चीनमध्ये उंची फुटांऐवजी मीटरांत सांगतात, आणि मनोऱ्यावरचा माणूस स्थानिक विमानांशी चिनीत बोलतो. म्हणजे आजूबाजूला काय चालले आहे ते अर्धे कळते, अर्धे अंदाजाने. इकडे मायदेशी २०१७ च्या नियमाने कप्तानाला नोकरी सोडताना वर्षभर आधी सांगावे लागते. तिकडे करार संपवायला एक पत्र पुरते. गेल्या शतकाआधी आपली माणसे मॉरिशसला मजूर म्हणून गेली ती 'ॲग्रीमेंट'वर. त्या शब्दाचे 'गिरमिट' झाले. सुताराच्या पेटीतही एक गिरमिट असते, ते भोक पाडते. ऊस तोडणारा आणि विमान चालवणारा एक नव्हेत. तसे म्हणणे उसाच्या मळ्यातल्या दुःखाचा अपमान होईल. परंतु सही करून घर सोडणाऱ्याच्या मनाला जे भोक पडते ते पाडणारे हत्यार एकच असावे.

शेवटचे एक सांगतो, आणि ते सांगताना माझा हात जड होतो. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून साथीच्या काळात अडकलेल्या माणसांना घेऊन आलेले विमान कोळिकोडच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन कोसळले. एकवीस माणसे गेली. त्यांत कप्तान दीपक वसंत साठे होते. नागपूरचे घर, हवाई दलातली उज्ज्वल कारकीर्द. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्यांना वीर म्हटले. पुढच्या वर्षी चौकशीचा अहवाल आला. त्याने विमान उतरवताना नियम पाळले गेले नाहीत असा निष्कर्ष काढला, आणि मग काही जणांनी त्यांना दोषी म्हटले. पण त्याच अहवालात आणखीही एक गोष्ट होती: दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण त्यांच्याच नावावर होते, आणि त्या ठाण्यावर पुरेसे कप्तान नेमलेले नव्हते. वीर आणि दोषी या दोन शब्दांच्या मधल्या जागेत एक दमलेला, उद्याच्या पाळीचा विचार करणारा नोकरदार माणूस उभा असू शकतो. त्याला आपल्या भाषेत शब्द नाही. वर्तमानपत्रांकडून तो मिळणार नाही. त्यांना दुसऱ्या दिवशीचा अंक काढायचा असतो. तो शब्द देणे हे कादंबरीचे काम होते.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. वैमानिकावर लिहा असेही मी म्हणत नाही. त्याने आपल्या साहित्याचे काही अडलेले नाही. पण ज्याच्यावर लिहाल त्याचे काम आधी विचारून घ्या. तो सकाळी उठून पहिल्यांदा काय करतो, चूक झाली तर कुणाला सांगतो, पगार थांबला तर घर कसे चालते, एवढे तीन प्रश्न. यांची उत्तरे कथेत आलीच पाहिजेत असे नाही. पण लेखकाला ती ठाऊक नसली म्हणजे वाचकाच्या घरातली म्हातारी फसते.

मित्र आता आखातात आहे. पुन्हा करार, पुन्हा सही. माझी कादंबरी मी नव्याने लिहायला घेतली आहे. पहिले प्रकरण त्याला पाठवले. त्याने दोन चुका काढल्या, आणि खाली लिहिले: "बाकी बरे. पण आईला लगेच वाचायला देऊ नकोस. संपले की दे." या दिवाळीलाही त्याची पाळी आहे, तो येणार नाही. आम्ही मुले लहानपणी त्यांच्या ओटीवर किल्ला करत असू. यंदा तो माझी मुले करणार आहेत. रात्री म्हातारी ओटीवर बसून डोंगरापलीकडच्या दिव्यांकडे बघत असते. त्यांतला एखादा दिवा आपल्या मुलाचा असेल असे तिला वाटते. तो नसतो. पण तो कुणाच्या तरी मुलाचा असतो, आणि त्याच्या शेजारी बसलेला दुसराही कुणाचा तरी मुलगा असतो. एवढे मला आता ठाऊक झाले आहे.